पाच महिन्यांची बेरीज : स्कीइंगच्या विश्वचषक हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

या सदरात आम्ही २०२२-२३ च्या आल्पाइन स्कीइंग (बर्फाळ डोंगरउतारावरून वेगाने उतरण्याच्या शर्यती) विश्वचषक हंगामाची ओळख करून दिली होती. अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन आणि स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट यांनी त्या एकाच हिवाळ्यात दोन जुने विक्रम मोडले, म्हणून तो हंगाम निवडला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : शिफ्रिनने फेब्रुवारी २०२३ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एक सुवर्ण आणि दोन रौप्यपदके मिळवली, आणि मार्चमध्ये तिला विश्वचषकही मिळाला, असे आपण लिहिले होते. एकाच हिवाळ्यात या दोन वेगळ्या स्पर्धा कशा, आणि त्यांतली मोठी कोणती? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : हा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण क्रिकेटमुळे ‘विश्वचषक’ म्हटले की महिना-दीड महिन्यात, एखाद-दोन देशांत आटोपणारी स्पर्धा आपल्या डोळ्यांसमोर येते. स्कीइंगचा विश्वचषक तसा नसतो. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑस्ट्रियातील सोल्डनच्या हिमनदीवर तो सुरू होतो, फिनलंड, अमेरिका, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स असा गावोगाव फिरतो आणि मार्चच्या उत्तरार्धात संपतो. २०२३ मध्ये त्याचा शेवट अँडोरातील सोल्देउ येथे झाला. प्रत्येक शर्यतीत पहिल्याला १००, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ५० असे उतरत्या क्रमाने गुण मिळतात आणि तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूच्या पदरी एक गुण पडतो. या साऱ्यांची बेरीज ज्याची सर्वांत मोठी, त्याला स्फटिकाचा मोठा गोल दिला जातो. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (बर्फात रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याचे, दोन फेऱ्यांच्या वेळेची बेरीज होणारे), तसेच सुपर-जी आणि डाउनहिल (एकाच फेरीचे, अतिवेगाचे) या प्रत्येक प्रकाराचा वेगळा छोटा गोलही असतो. ही पद्धत १९६७ मध्ये सुरू झाली आणि तिची कल्पना मांडणाऱ्यांत सर्ज लांग नावाचे एक पत्रकार होते, ही गोष्ट मला पत्रकार म्हणून नेहमीच सुखावते.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दर दोन वर्षांनी एकाच ठिकाणी दोन आठवडे भरते. २०२३ ची फ्रान्समध्ये कूर्शेव्हेल आणि मेरिबेल येथे झाली. तेथे त्या एका दिवशी कोण सर्वांत वेगवान होते, एवढेच पाहिले जाते. ऑलिम्पिकचेही तसेच. ‘मोठी कोणती’ या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे : खेळाडूची खरी पारख हंगामाच्या बेरजेत होते. शिफ्रिनचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिम्पिकला ती वैयक्तिक पाचही शर्यतींत उतरली, तीन शर्यती तिला पूर्णच करता आल्या नाहीत आणि ती रिकाम्या हाताने परतली. त्यानंतर महिनाभरात तिने चौथ्यांदा विश्वचषक जिंकला. त्या दोन आठवड्यांवरून तिची किंमत ठरवली असती, तर पुढच्या हिवाळ्यात जे घडले ते कोणाला समजलेच नसते.

प्रश्न : शिफ्रिनने स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्क यांचा ८६ विजयांचा विक्रम मोडला. पण स्टेनमार्क पुरुषांच्या शर्यती जिंकत होते आणि ही महिलांच्या. काळही वेगळा. मग ही तुलना कितपत न्याय्य आहे? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

स्टेनमार्क यांनी पहिली शर्यत डिसेंबर १९७४ मध्ये इटलीतील मादोन्ना दि काम्पील्यो येथे जिंकली आणि शेवटची फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅस्पेन येथे. चाळीस स्लॅलम आणि सेहेचाळीस जायंट स्लॅलम, असा त्यांचा हिशेब आहे. वळणांच्या या दोन प्रकारांबाहेर त्यांचा एकही विजय नाही. अतिवेगाच्या डाउनहिलपासून ते जवळजवळ कायम दूर राहिले. १९७८-७९ च्या हंगामात त्यांनी जायंट स्लॅलमच्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या, शिवाय तीन स्लॅलम जिंकल्या, आणि तरीही त्या वर्षीचा विश्वचषक स्वित्झर्लंडच्या पेटर ल्युशर यांना गेला. त्या काळी प्रत्येक प्रकारातले ठरावीक सर्वोत्तम निकालच बेरजेत धरले जात, त्यामुळे दोनच प्रकारांत खेळणाऱ्याचे जास्तीचे विजय हिशेबातून गळून पडत. म्हणून ८६ विजय मिळवणाऱ्या या खेळाडूच्या नावावर विश्वचषक तीनच आहेत.

शिफ्रिनने तो हंगाम संपवला तेव्हा तिचे विजय ८८ झाले होते. त्यांत स्लॅलमचे ५३, जायंट स्लॅलमचे २१, सुपर-जीचे पाच, डाउनहिलचे तीन, समांतर शर्यतींचे (यांत दोन खेळाडू शेजारी-शेजारी उतरतात) पाच आणि संयुक्त प्रकारातला (यात एका वेगवान शर्यतीची आणि एका स्लॅलम फेरीची वेळ मिळवतात) एक. माझ्या मते तुलनेतला खरा फरक येथे आहे. स्त्री-पुरुष हा मुद्दा मला गौण वाटतो, कारण दोघांनीही आपापल्या काळातल्या जगातील सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्यांना हरवले, आणि दोघांनाही त्या आकड्यापर्यंत पोहोचायला अडीचशेच्या आत शर्यती लागल्या, म्हणजे सरासरी तीन शर्यतींत एकाहून अधिक विजय. ज्या खेळात एक काठी चुकली की सारे संपते, त्या खेळात हे प्रमाण जवळजवळ अविश्वसनीय आहे.

काळाच्या फरकाविषयी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. स्टेनमार्क यांच्या सुरुवातीच्या वर्षांत स्लॅलमच्या काठ्या बर्फात ताठ रोवलेल्या असत आणि खेळाडूला त्यांना वळसा घालून जावे लागे. ऐंशीच्या दशकात बुडाशी बिजागरी असलेल्या, आडव्या पडून पुन्हा उभ्या राहणाऱ्या काठ्या आल्या आणि खेळाचे रूपच पालटले. आजचा खेळाडू काठीवर सरळ चाल करून जातो : नडगीवरचे कवच आणि मुठीवरची ढाल यांनी काठी आडवी पाडतो, शरीर काठीच्या आत झुकलेले असते आणि पायाखालच्या दोन्ही पट्ट्या (स्की) मात्र काठीच्या बाहेरून वळतात. दूरचित्रवाणीवर पाहताना जो फटाफट आवाज ऐकू येतो तो त्या आडव्या पडणाऱ्या काठ्यांचा असतो. स्टेनमार्क यांनी दोन्ही तऱ्हेच्या काठ्यांवर शर्यती जिंकल्या, हे त्यांचे मोठेपण शिफ्रिनच्या विक्रमाने कणभरही उणे होत नाही.

आता त्या विक्रमापर्यंतची वाट पाहा, म्हणजे बेरीज किती कष्टाने वाढते ते कळेल. ८ जानेवारी २०२३ रोजी स्लोव्हेनियातील क्रान्यस्का गोरा येथे शिफ्रिनने ८२ वा विजय मिळवून महिलांमधला तोवरचा उच्चांक असलेल्या अमेरिकेच्याच लिंडसे व्हॉनची बरोबरी केली. महिनाअखेरपर्यंत आकडा ८५ वर गेला. २९ जानेवारीला झेक प्रजासत्ताकातील श्पिंडलेरूव म्लीन येथे स्लॅलमच्या पहिल्या फेरीत तीच आघाडीवर होती आणि स्टेनमार्क यांची बरोबरी होणार असे सगळेच धरून चालले होते. दुसऱ्या फेरीनंतर जर्मनीची लेना ड्युअर तिच्यापुढे होती, ०.०६ सेकंदाने. स्लॅलममध्ये ताशी चाळीसेक किलोमीटरचा वेग धरला तर हे अंतर दीड हात भरते. त्या दीड हातासाठी शिफ्रिनला सहा आठवडे थांबावे लागले.

ती १० मार्चला स्वीडनमधल्या ओरे येथे, स्टेनमार्क यांच्याच देशात, जायंट स्लॅलम जिंकून ८६ वर पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी स्लॅलम जिंकून पुढे गेली. विश्वचषकातली तिची अगदी पहिली शर्यत ११ मार्च २०११ रोजी झाली होती, तेव्हा ती सोळा वर्षांचीही नव्हती. ८७ वा विजय बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला आला. पहिला विजयही तिला याच ओरेमध्ये, डिसेंबर २०१२ मध्ये मिळाला होता. शर्यत संपल्यावर ती काही क्षण खाली वाकून स्तब्ध राहिली, आणि मग तिला न कळवता आलेला तिचा भाऊ समोर आला तेव्हा तिने त्याला मिठी मारली. पुढे २३ फेब्रुवारी २०२५ रोजी इटलीतील सेस्त्रिएरे येथे तिने शंभरावा विजय मिळवला. 

प्रश्न : शर्यतीत दोघींची वेळ अगदी सारखी आली तर काय करतात? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोघींनाही विजेत्या ठरवतात आणि दोघींनाही पूर्ण गुण देतात. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच धरली जाते. त्यापुढचा आकडा मोजता येत असला तरी तो निकालासाठी वापरत नाहीत. याच हंगामात, २७ नोव्हेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतील किलिंग्टन येथे स्वित्झर्लंडची वेंडी होल्डनर आणि स्वीडनची अ‍ॅना स्वेन लार्सन यांची दोन फेऱ्यांची एकूण वेळ तंतोतंत सारखी भरली. होल्डनर त्याआधी स्लॅलममध्ये तीस वेळा दुसरी किंवा तिसरी आली होती आणि एकदाही जिंकली नव्हती. स्वेन लार्सनचाही तो पहिलाच विजय होता. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या दोघींना विजय एकाच दिवशी, एकाच पायरीवर मिळाला, आणि दोघींपैकी कोणीही तो वाटून घ्यावा लागल्याची खंत दाखवली नाही.

वेगवान शर्यतींत ताशी शंभर किलोमीटरच्या गतीला शंभरावा भाग म्हणजे वीतभरापेक्षा थोडे अधिक, सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटर अंतर. एवढ्यावर निकाल बदलतो.

प्रश्न : इटलीच्या सोफिया गोज्जा हिने हाताची हाडे मोडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी शर्यत जिंकली, हे वाचून कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. अशी परवानगी द्यावी का? (एक अस्थिरोगतज्ज्ञ, कोल्हापूर)

उत्तर : आपली काळजी मी गंभीरपणे घेतो. घटना अशी घडली. १६ डिसेंबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधील सांक्ट मोरिट्झ येथील डाउनहिलमध्ये गोज्जाचा डावा हात वाटेतल्या काठीवर आपटला आणि तळहाताची दोन हाडे मोडली. तरीही ती दुसरी आली. त्याच दिवशी ती मिलानला गेली, तेथे शस्त्रक्रिया झाली, आणि ती परतून दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभस्थानी उभी राहिली. हातात पकडीची ताकद नव्हती, म्हणून हात हातातल्या रेटण्याच्या काठीला चिकटपट्टीने बांधला होता. डाउनहिलच्या सुरुवातीला दोन्ही हातांनी काठ्या रेटून अंगाला वेग द्यावा लागतो, आणि वाटेत तोल गेला तर सावरायला तोच हात पुढे येतो. ती जिंकली, आणि हंगामाच्या शेवटी डाउनहिलचा गोलही तिलाच मिळाला.

तिच्या धैर्याविषयी मला शंका नाही. परंतु अशा प्रसंगी निर्णय खेळाडूच्या इच्छेवर आणि तिच्याच पथकातील डॉक्टरांवर सोपवला जातो, हे मला पटत नाही. शर्यतीशी हितसंबंध नसलेल्या वैद्यकाचे मत बंधनकारक असावे. गुणांच्या बेरजेची ही काळी बाजू आहे : एक शर्यत चुकली तर शंभर गुण बुडतात, हा हिशेब खेळाडूच्या मनात सतत चालू असतो. उलट उदाहरणही त्याच हंगामात आहे. जानेवारीत ऑस्ट्रियातील किट्झब्युहेलच्या उतारावर ओडरमाट पडता पडता वाचला आणि त्याच्या गुडघ्याला मार बसला. त्याने दुसऱ्या दिवशीची डाउनहिल सोडली, त्यानंतरची श्लाडमिंगची जायंट स्लॅलमही सोडली, आणि विश्रांतीनंतर कॉर्तिना येथे लागोपाठच्या दोन्ही सुपर-जी शर्यती जिंकल्या. थांबण्यानेही बेरीज वाढते.

प्रश्न : मी कामानिमित्त झुरिकजवळ राहतो. येथे ओडरमाटच्या २०४२ गुणांचे अजूनही कौतुक होते. त्या आकड्यात विशेष काय? (एक वाचक, स्वित्झर्लंड)

उत्तर : ऑस्ट्रियाच्या हेर्मान मायर यांनी १९९९-२००० च्या हंगामात बरोबर २००० गुण मिळवले होते, आणि पुरुषांमध्ये तो आकडा तेवीस वर्षे कोणाच्या हाती लागला नाही. ओडरमाट सोल्देउ येथे आपल्या अखेरच्या शर्यतीला, म्हणजे १८ मार्चच्या जायंट स्लॅलमला उतरला तेव्हा त्याच्याकडे १९४२ गुण होते. तिसरा क्रमांक मिळाला असता तरी २००२ झाले असते. चौथा आला असता तर मायर शाबूत राहिले असते. विश्वचषक आधीच खिशात होता, तेव्हा सांभाळून खेळणे शहाणपणाचे ठरले असते. त्याने दोन सेकंदांहून अधिक फरकाने शर्यत जिंकली. शतांशांत मोजल्या जाणाऱ्या खेळात दोन सेकंद म्हणजे दुसरा कोणी शर्यतीत नसल्यासारखेच. हंगामातला हा त्याचा तेरावा विजय होता, आणि एका हंगामात तेरा विजय ही स्टेनमार्क यांच्या १९७८-७९ च्या हंगामाशी बरोबरी आहे.

महिलांमधला उच्चांक मात्र अजून पुढे आहे : स्लोव्हेनियाच्या टीना माझे हिने २०१२-१३ मध्ये २४१४ गुण मिळवले होते. शिफ्रिनने २०२२-२३ मध्ये चौदा शर्यती जिंकूनही तिचे गुण २२०६ झाले. यावरून माझेच्या त्या हिवाळ्याची उंची लक्षात यावी.

प्रश्न : बर्फच नसेल तर या शर्यती किती वर्षे चालणार? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्या हंगामात हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. सोल्डनची महिलांची सलामीची शर्यत खराब हवामानामुळे रद्द झाली. मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी स्वित्झर्लंडमध्ये सुरू होऊन इटलीत संपणारी, दोन देशांची सीमा ओलांडणारी पहिलीच डाउनहिल शर्यत आखली होती. तिच्या खालच्या भागात पुरेसा बर्फ नव्हता, म्हणून पुरुष आणि महिला दोघांच्याही शर्यती रद्द झाल्या. पुढच्या वर्षी हिमवृष्टी आणि वारा आडवे आले, आणि त्यानंतर ती शर्यत वेळापत्रकातूनच गेली. त्या उतारावर विश्वचषकाची एकही शर्यत होऊ शकली नाही. नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियातील लेख येथील समांतर शर्यती आणि जानेवारीच्या अखेरीस जर्मनीतील गार्मिश येथे ठरलेल्या पुरुषांच्या शर्यती बर्फाअभावी रद्द झाल्या. त्याच जानेवारीत स्वित्झर्लंडमधील आदेलबोडेनची जायंट स्लॅलम पार पडली, पण तेथील दृश्य मन विषण्ण करणारे होते : दोन्ही बाजूंना हिरवी-तपकिरी कुरणे आणि त्यांमधून खाली येणारा पांढरा पट्टा, जणू डोंगरावर कोणी धुतलेले धोतर वाळत टाकले आहे.

तो पट्टा यंत्रांनी घडवलेला असतो. दाबाखाली पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवले की ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. परंतु त्यासाठी हवा शून्याच्या खाली हवी आणि कोरडी असेल तर उत्तम. नंतर तो थर दाबून बसवतात, बारीक नळ्यांनी त्यात पाणी सोडतात आणि रात्रभर गोठू देतात, म्हणजे शंभरावा खेळाडू उतरला तरी वाट उखडत नाही. दिवस उबदार असेल तर ओलसर बर्फावर मीठ टाकतात. मीठ थोडा बर्फ वितळवते, त्यासाठी लागणारी उष्णता भोवतीच्या बर्फातून खेचली जाते आणि तो कडक होतो. तरीही वाट हळूहळू झिजतेच. याचा परिणाम निकालावर कसा होतो पाहा : दोन फेऱ्यांच्या शर्यतीत पहिल्या तीस खेळाडूंना दुसऱ्या फेरीत उलट क्रमाने सोडतात, म्हणजे तिसावा सर्वांत आधी. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे उन्हाने बर्फ मऊ पडत असताना स्वित्झर्लंडचा डॅनिएल यूल कोऱ्या वाटेवरून पहिला उतरला आणि तिसाव्या स्थानावरून थेट विजेता ठरला. असे विश्वचषकात पूर्वी कधी घडले नव्हते. यूलची फेरी सुरेख होती, पण त्या दिवशी ऊनही शर्यतीत उतरले होते.

खेळाडूही गप्प नाहीत. २०२३ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी ऑस्ट्रियाचा युलियन श्युटर याच्या पुढाकाराने अनेक खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय स्कीइंग महासंघाला पत्र लिहून हवामानबदलाबाबत ठोस पावले उचलण्याची मागणी केली. हंगाम उशिरा सुरू करावा आणि खंडांमधल्या विमानफेऱ्या कमी पडतील असे वेळापत्रक आखावे, ही सूचना मला पूर्णपणे योग्य वाटते. ऑक्टोबरात हिमनदीवर शर्यत भरवण्याचा हट्ट आता सोडायला हवा.

प्रश्न : या विश्वचषकात भारतीय खेळाडू का दिसत नाहीत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : विश्वचषकाच्या आरंभस्थानी उभे राहण्यासाठी खालच्या पातळीवरच्या असंख्य शर्यतींत चांगले निकाल मिळवून मानांकन सुधारावे लागते, आणि त्या शर्यती बहुतेक युरोपात होतात. प्रवास, प्रशिक्षक, पट्ट्या घासून-मेण लावून तयार ठेवणारा तंत्रज्ञ, हा सारा खर्च तेथील खेळाडूंचा महासंघ उचलतो. आपल्याकडे तो बहुतांशी कुटुंबावर पडतो. आपले उतार गुलमर्ग, औली आणि मनालीच्या परिसरात आहेत, आणि त्यांचाही भरवसा कमी होतो आहे : फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या.

तरीही दार बंद नाही. मनालीच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचे कांस्यपदक मिळवले. अथेन्समध्ये जन्मलेल्या ए. जे. गिनिसने गुडघ्यांवरच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये जागतिक स्लॅलमचे रौप्यपदक ग्रीसला मिळवून दिले, आणि या खेळात ग्रीसकडे त्याआधी एकही पदक नव्हते. आणि गुलमर्गचा आरिफ खान १३ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या जायंट स्लॅलममध्ये उतरला. त्या दिवशी बर्फ इतका दाट पडत होता की पुढची काठी नीट दिसत नव्हती, आणि कितीतरी नावाजलेले खेळाडू वाटेतच बाद झाले. सुवर्णपदक ओडरमाटने जिंकले. आरिफ त्याच्यामागे सुमारे अडतीस सेकंदांनी, पण दोन्ही फेऱ्या पूर्ण करून, पंचेचाळिसावा आला.